तार आधी की केंद्र?

१८९१ साली फ्रँकफर्टच्या विद्युत प्रदर्शनात एक कृत्रिम धबधबा होता. त्याचा पंप ज्या विजेवर चाले, ती १७५ किलोमीटरवरच्या लाउफेनहून येई. तिथे नेकार नदीच्या पाण्यावर जनित्र फिरत होतं. तिकडे पाणी पडलं की इकडे पाणी चढायचं! शिवाय हजारभर दिवे. वाटेत गळती झाली ती साधारण चौथाई.

त्याआधी वीज म्हणजे शेजारधर्म होता. १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटवर काढलेलं केंद्र ११० व्होल्ट डीसीचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं. मैलभरापलीकडे त्याचा पाड लागत नसे. गोम दाबात, म्हणजे व्होल्टेजमध्ये आहे. तेवढीच वीज दुप्पट दाबाने धाडली की प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज चौथाईवर येते. एसीचा, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेचा, दाब ट्रान्सफॉर्मरने सहज चढवता-उतरवता येई, म्हणून एसीची सरशी झाली.

पुढे दाब चढत गेला तो बहुतेकदा दूरच्या नद्यांपायी. हूवर धरणाची वीज १९३६ मध्ये लॉस एंजेलिसला आली २८७ किलोव्होल्टवर. स्वीडनने १९५२ मध्ये ३८० गाठले, क्वेबेकने १९६५ मध्ये ७३५. कोळशाचं तसं नव्हतं. तो रेल्वेने शहराजवळ आणता येतो. वारा वाघिणीत भरता येत नाही.

आजचं दुखणं वेळेचं आहे. पवनचक्क्या दोनेक वर्षांत उभ्या राहतात. वाहिनीला मात्र जमीन, परवाने, हरकती, कोर्ट यांत दहा वर्षं गेली तरी नवल नाही. वर पेच असा, की प्रकल्प नसताना तार कोण ओढणार आणि तार नसताना प्रकल्पाला कर्ज कोण देणार?

टेक्सासने तो धीटपणे सोडवला. वारा पश्चिमेला, शहरं पूर्वेला; तारांत जागा नाही म्हणून वारा असूनही पाती थांबवावी लागत. २००५ च्या कायद्याने आधी वाऱ्याचे पट्टे आखायचे, तिथवर तारा न्यायच्या आणि खर्च सगळ्या ग्राहकांत वाटायचा, असं ठरलं. २०१४ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे ५,८०० किलोमीटर वाहिन्या झाल्या, जवळपास ७ अब्ज डॉलर खर्चून.

लांब पल्ल्यावर तर आता डीसीच परतली आहे, कारण सेमीकंडक्टरमुळे एसीची डीसी करणं आवाक्यात आलं. चीनची शिनजियांग ते आन्ह्वी ही २०१९ ची वाहिनी सुमारे ३,३०० किलोमीटरची आहे, १,१०० किलोव्होल्टवर. एडिसनच्या तारेच्या दहा हजारपट दाब.