झंस्कार नदी आणि चादरीची वाट

झंस्कार ही लडाखमधली सिंधूची उपनदी. पेन्सी ला खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग हिमनदीतून निघणारी दोडा आणि दक्षिणेकडून येणारी त्सराप (पदुमच्या बाजूला तिला लुंगनाक म्हणतात) यांचा पदुम या झंस्कारच्या मुख्य गावाजवळ संगम होतो आणि पुढे झंस्कार हे नाव लागते. झंगला, पिदमो ही गावे मागे पडली की नदी उभ्या कड्यांमधल्या घळीत शिरते. लेहच्या पश्चिमेला सुमारे 35 कि.मी.वर, निम्मू इथे ती सिंधूला मिळते.

2011च्या जनगणनेत या खोऱ्याची वस्ती 14 हजारांच्या आसपास होती. हिवाळ्यात कारगिलचा रस्ता पेन्सी लावर (सुमारे 4,400 मी.) बर्फाखाली जातो, दक्षिणेची शिंकू ला खिंडही बंद पडते. अशा वेळी गोठलेल्या नदीवरून चालत लेह गाठायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. या बर्फाच्या वाटेला चादर म्हणतात. पर्यटकांना ती साहस म्हणून माहीत आहे. मुळात ती गरजेची वाट आहे. याकचे लोणी लेहला विकायला न्यायचे आणि येताना चहा, मीठ, रॉकेल आणायचे, हा जुना व्यवहार. लेहच्या शाळांत शिकणारी मुलेही सुट्टीनंतर वडीलधाऱ्यांबरोबर याच वाटेने परतत.

शेतीला मात्र मुख्य नदीचा उपयोग बेताचाच, कारण पात्र बहुतेक ठिकाणी शेतांपेक्षा बरेच खाली आहे. सातू आणि वाटाणा पिकतो तो बाजूच्या ओढ्यांच्या वितळपाण्यावर, पाटाने. कुमिक गावाचा ओढा आटत गेला तेव्हा गावकऱ्यांना लुंगनाकजवळच्या माळावर नवी वस्ती मांडून नदीतून पाट काढावा लागला.

चादर धरते ती जानेवारी-फेब्रुवारीत. हिमनद्या थिजल्याने पाणी कमी झालेले असते आणि घळीत ऊन जेमतेम पोहोचते. रात्री पारा उणे 25 अंशांच्या खाली जातो. आधी काठाचे संथ पाणी गोठते. मधल्या खळाळात बर्फाचे बारीक कण तयार होतात, ते वाहत जाऊन काठाच्या थराला चिकटतात आणि थर आत सरकत जातो. निरभ्र आकाश आणि कडाक्याची थंडी चादरीला सर्वांत मानवते. आभाळ आले की ती मऊ पडते, आणि वर ताजा हिम साचला की थंडी खाली पोहोचत नाही, थर वाढायचा थांबतो. स्वच्छ, निळसर बर्फ 10 सें.मी. जाड असला तर एक माणूस पेलतो. पांढऱ्या, हवा अडकलेल्या बर्फाला त्याच्या दुप्पट जाडी लागते.

पुढे चालणारा वाटाड्या दर काही पावलांवर काठी आपटतो. ठाशीव आवाज आला तर पाऊल टाकायचे. पोकळ आला तर खाली पाणी उतरून जागा रिकामी झालेली असते, तिथून बाजूला व्हायचे. पाय उचलून टाकायचा नाही, तळवा घासत सरकवायचा. सामान लाकडी घसरगाडीवर ओढतात. मुक्काम काठच्या गुहांत. त्यांची छते पिढ्यांच्या धुराने काळी झाली आहेत. जळणाला नदीने आणून टाकलेली लाकडे. पायात आता गमबूट आणि दुहेरी लोकरी मोजे. मोजा भिजला तर तो तिथेच बदलावा लागतो, नाहीतर बोटे हिमदंशाने जातात.

सर्वांत वाईट अडचण बर्फ फुटण्याची नाही, तुंबण्याची. खालच्या अरुंद जागी बर्फाचे तुकडे अडकले की पाणी चढते आणि धड बर्फावरूनच वाहू लागते. मग गुडघाभर पाण्यातून जायचे, कड्याला धरून वरून वळसा घालायचा किंवा पाणी ओसरेपर्यंत थांबायचे. घाई केलेल्यांचेच बहुधा हाल होतात. पुण्या-मुंबईहून विमानाने थेट 3,500 मीटरवरच्या लेहला उतरणाऱ्यांना धोका त्याआधीच सुरू होतो. विरळ हवेची सवय होईपर्यंत लेहमध्येच थांबावे.

31 डिसेंबर 2014च्या सुमारास फुकतल भागात दरड कोसळून त्सराप अडली. मागे कित्येक कि.मी. लांब तलाव साचला आणि त्या हिवाळ्यात चादरीवर जायला बंदी आली. 7 मे 2015ला बांध फुटला. खालचे पूल आणि रस्ते वाहून गेले.

निम्मूहून पदुममार्गे हिमाचलमधल्या दारचा गावापर्यंतचा 298 कि.मी.चा रस्ता मार्च 2024मध्ये जोडला गेला. त्यासाठी घळीत सुरुंग लावताना पडलेला राडारोडा पात्रात गेला, त्यामुळे काही ठिकाणी प्रवाह बदलला आणि तिथली चादर पूर्वीसारखी धरत नाही. शिंकू ला खिंडीखाली 4.1 कि.मी.च्या बोगद्याचे काम जुलै 2024मध्ये सुरू झाले. तो झाला की दक्षिणेची बाजूही बारमाही खुली राहील.