शिबिरातले दादा-ताई : मराठवाड्यापुरती पार्श्वभूमी

उन्हाळी शिबिरात बारक्या पोरांचा गट सांभाळणारे नववी-दहावीचे दादा आणि ताई आता लातूर-नांदेडकडेही दिसतात. हे अमेरिकी खूळ आहे, असं बऱ्याच पालकांना वाटतं. तिकडे शिबिरं जुनी आहेत हे खरंच. फ्रेडरिक गन या शिक्षकाने १८६१ मध्ये कनेक्टिकट राज्यात विद्यार्थ्यांना तंबूत नेलं होतं. पुढे किशोरांनी आधी उमेदवारी करायची आणि मग गट घ्यायचा, अशी रीत तिथे पडली.

आपल्याकडे मात्र ही कल्पना स्काउटिंगमधून आली. ऑगस्ट १९०७ मध्ये स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर विसेक मुलांची छावणी लावली, त्यांचे चार गट केले आणि प्रत्येक गट एका मोठ्या मुलाच्या हाती दिला. भाषणं देऊन नव्हे, तर पाच-सहा जणांचा भार अंगावर टाकून पोरगं तयार करायचं, ही त्यातली खरी मेख.

मराठवाड्यात याला वेगळं वळण मिळालं. निजामी राजवटीत साध्या सभेलाही परवानगी लागे. तिथे उघड शिबिर कोण भरवू देणार? पोरांची जडणघडण शाळा आणि वसतिगृहांच्या आडोशाने झाली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, शिकवत होते. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरच्या बंदीविरुद्ध उठलेल्या चळवळीत औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातले विद्यार्थी उतरले, तेव्हा त्यांतले बरेच जण विशीच्याही आतले होते. नेतृत्वाचं प्रमाणपत्र त्यांना कुणी दिलं नव्हतं. तिकडे पुण्यात १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल उभं राहिलं. शाखा, खेळ, समूहगीतं आणि शिबिरं असा त्याचा बाज. मराठवाड्यात अशा कामाला मोकळीक मिळाली ती सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपल्यावर.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने हे काम पुन्हा लातूर-धाराशिवच्या गावांत आणलं. सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गला पोरक्या झालेल्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभं केलं, तर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी या शिक्षणसंस्थेचं काम धाराशिव जिल्ह्यातल्या हराळीत रुजलं.

एवढ्या उन्हात शिबिर का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर परीक्षेच्या वेळापत्रकात आहे. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये, निकाल मे-जूनमध्ये. पंधरा-सोळा वर्षांचं पोर याच काळात रिकामं सापडतं. त्यामुळे इथलं प्रशिक्षणही उन्हाच्या कलाने चालतं. मैदानी खेळ सकाळी नऊच्या आत उरकायचे, दुपारी चिंचेखाली किंवा वर्गात कागदकाम, मग उन्हं कलल्यावर विषामृत, लगोरी. पाणी प्यायलं का, हे प्रत्येकाला नावानिशी विचारायचं. कुठेही निघताना आणि परतल्यावर डोकी मोजायची, विहिरीच्या बाजूला गेल्यास दोनदा. लघवी पिवळी होतेय का, हे आठ वर्षांच्या पोराला न लाजवता कसं विचारावं, तेही शिकवावं लागतं. माझ्या मते निम्मं प्रशिक्षण हेच.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी निवासी शिबिराची भाषाच नको. सकाळचे तीन तास पुरे.

शहरांत आता पाच दिवसांची ‘लीडरशिप’ शिबिरं फी घेऊन भरतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. त्यांत पोरांना गट सांभाळायला मिळतोच असं नाही. जिथे गेल्या वर्षीचा शिबिरार्थी यंदा एखाद्या ताईच्या हाताखाली राबतो आणि पुढच्या वर्षी स्वतःचा गट घेतो, तिथे जुनी रीत टिकून आहे.