चौथ्या सीटवरच्या गप्पा

डोंबिवलीहून आलेली फास्ट लोकल ठाणं सोडत होती. समोरच्या बाकावर खिडकीशी बसलेल्या मुलाने बॅगेतून पॉवर बँक काढून फोनला जोडली. फोनवर ४० टक्के दिसत होते. शेजारचे काका वाकून बघत होतेच. या काकांना मी तीन वर्षं रोज बघतोय. नाव माहीत नाही, उतरतात भायखळ्याला.

"अरे, पूर्ण संपू दे की. मग लाव. असं अर्ध्यावर भरत राहिलास तर तिला तीच सवय लागेल."

"काका, ते तुमच्या काळच्या फोनला. याला थोडं थोडं, पण सारखं खायला लागतं."

"म्हणजे डायबिटीसच म्हण की!" हे चौथ्या सीटवरून. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो: बाक तिघांचा असतो, चौथा माणूस कडेला टेकतो, त्याचा निम्मा देह बाकावर आणि निम्मा नशिबावर.

चौघं हसले, मीही हसलो. सगळा मामला फार तर वीस सेकंदांचा. घरी येऊन बायकोला सांगितला तर तिने "बरं" म्हटलं आणि कुकरची शिटी मोजायला गेली. तिचंही बरोबर आहे, विनोद काही खास नव्हताच. मग आम्ही हसलो कशाला? त्या वीस सेकंदांचा मला नादच लागला.

आधी बॅटरीचा निकाल लावून टाकू. काका चुकीचं बोलत नव्हते, त्यांच्या सल्ल्याची मुदत संपली होती. भारतात मोबाइलवरून पहिला कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. त्या सुमाराच्या बऱ्याच फोनांत निकेलच्या बॅटऱ्या असत. निकेल-कॅडमियमची बॅटरी दर वेळी ठरावीक पातळीपर्यंतच वापरून भरत राहिलं, तर त्या पातळीला आलं की तिचा जोर पडायचा, जणू आधीचं तिच्या लक्षात राहिलंय. म्हणून 'पूर्ण संपवा, मग भरा'. आजच्या फोनात असते ती लिथियम-आयन बॅटरी. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्या पायाभूत कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हिच्यात चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात, वापरताना बाहेर पडतात. हिला ती जुनी सवय नाही. उलट पार रिकामं होणं हिला सोसत नाही, आणि उकाड्यात शंभर टक्के भरून तासन् तास पडून राहणं त्याहून सोसत नाही. तेव्हा मुलगा जिंकला. फक्त गच्च गर्दीत पॉवर बँक आणि फोन एकाच खिशात कोंबून तापवत ठेवण्याचा एक मार्क कापायला हवा.

पण बॅटरी हे निमित्त. मला गंमत वाटली ती डायबिटीसवाल्या गृहस्थांच्या वेगाची. मुलाचं वाक्य संपलं आणि त्यांचं आलं, मध्ये फटच नव्हती.

ही फट मोजली गेली आहे. २००९ मध्ये टान्या स्टिव्हर्स, स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या दहा भाषांमधल्या घरगुती संभाषणांचे व्हिडिओ घेऊन एक साधी गोष्ट तपासली: एकाने प्रश्न विचारला की दुसऱ्याचं उत्तर किती वेळाने येतं? सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी लोक सगळ्यात झटपट, डॅनिश सगळ्यात सावकाश, पण सावकाश म्हणजेही अर्ध्या सेकंदाच्या आतच. आता यातली मेख बघा. एखादं चित्र दाखवून 'हे काय?' असं विचारलं, तर मेंदूला तो एक शब्द शोधून तोंडापर्यंत आणायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये अख्खं वाक्य येतं कुठून? एकच मार्ग उरतो. समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधतो आणि आपलं वाक्य जिभेवर आणून ठेवतो. 'खायला लागतं' पूर्ण होण्याआधीच डायबिटीस निघालेला होता. कॅरमच्या पाट्यावर सोंगटी अजून फिरत असताना पुढचा नेम धरावा, तसं.

त्या दहा भाषांत मराठी नव्हती. लोकलमधली मराठी मोजली तर उत्तर उणे येईल असा माझा कयास आहे. इथे समोरच्याचं संपेपर्यंत थांबतो कोण?

हसण्याकडे येऊ. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत विनोदी फिती दाखवण्याचा नाद सोडला आणि मॉल, फुटपाथ अशा ठिकाणी जाऊन लोक आपणहून केव्हा हसतात याच्या १,२०० नोंदी केल्या. हसण्याच्या लगेच आधी बोललं गेलेलं वाक्य विनोदाच्या जवळपास जाणारं होतं अशी उदाहरणं फक्त १० ते २० टक्के. बाकीची वाक्यं 'चला, भेटू' किंवा 'हो का?' छापाची. आणखी एक: ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसतो. माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत तीस पट अधिक हसतो, हेही त्यांनीच नोंदवलं. थोडक्यात, बायकोचं 'बरं' शास्त्राला धरून होतं. विनोद मी घरी आणला, चारचौघं गाडीतच राहिले.

'चारचौघं' हा शब्द आपल्याकडे सहज रुळलाय, पण रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञाला तो फार आवडला असता. १९९५ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी आपसूक जमलेल्या गप्पांच्या टोळक्यांचं निरीक्षण केलं. एका संभाषणात एकावेळी साधारण चारच माणसं टिकतात. पाचवा आला की थोड्याच वेळात गप्पा फुटतात, दोन गट होतात. मी हे आमच्या डब्यात पडताळून पाहिलंय, अर्थात वहीशिवाय. समोरासमोरच्या दोन बाकांवर आठ माणसं असतात. तिकडे क्रिकेट निघतं, इकडे बॅटरी. मुलुंडला उभ्यातला कुणी मान खाली घालून "कुठला मॉडेल आहे?" विचारतो आणि मिनिटभरात कुणीतरी एक जण गप्पांतून गळून मोबाइलमध्ये शिरतो.

डनबारचं मूळ म्हणणं याहून मोठं आहे. माकडं एकमेकांच्या अंगातल्या उवा-कचरा तासन् तास वेचतात तो निव्वळ स्वच्छतेचा कार्यक्रम नसतो. त्या स्पर्शाने मेंदूत एंडॉर्फिन्स, म्हणजे वेदना दबवून बरं वाटायला लावणारी रसायनं, स्रवतात, आणि नाती टिकतात. पण एका माकडाला एकावेळी एकाच्याच पाठीवर हात फिरवता येतो. माणसांचे कळप मोठे झाले तसं हे काम बोलण्याने आणि हसण्याने उचललं, कारण एका वाक्यात तिघांना गुदगुल्या करता येतात. २०१२ मध्ये त्याच्या गटाने दाखवलं की एकत्र बसून खळखळून हसल्यावर माणसं जास्त वेदना सहन करतात. दंडाला बर्फासारखं थंड वेष्टन गुंडाळून हे तपासलं होतं. चौथ्या सीटवरच्या माणसाला याची गरज सगळ्यांत जास्त, हे उघड आहे.

मात्र हसणं आणि टोचणं यांत फार बारीक सीमा असते. 'तुमच्या काळच्या फोनला' हे वाक्य कागदावर लिहून बघा: वयाचा उद्धार आहे सरळसरळ. काका चिडले कसे नाहीत? ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाला १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात दोन माकडं खेळताना दिसली. ती एकमेकांना चावत होती, पण तो चावा नव्हता. 'मी चावतोय, पण चावत नाहीये' असा काहीतरी इशारा ती एकमेकांना देत असणार, नाहीतर खेळाची मारामारी व्हायला कितीसा वेळ? आमच्या मुलाने तो इशारा दिला होता: 'काका' म्हणताना आवाज थोडा लांबवून आणि भुवई उडवून. फिरकी घेणं हे असं दुहेरी काम आहे. आणि त्याची मुळं आपल्या भाषेहून जुनी आहेत. २०२४ मध्ये इझाबेल लाउमर आणि सहकाऱ्यांनी ओरांगउटान, चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला यांच्या ७५ तासांच्या चित्रीकरणातून खोड्यांचे १८ प्रकार वेगळे काढले. त्यांतला एक म्हणजे वस्तू पुढे करायची आणि समोरच्याने हात लांबवला की मागे घ्यायची. आमच्या डब्यात हा प्रकार शेंगदाण्याच्या पुडीने होतो.

आता माझा आवडता प्रश्न. बोलायला फोनच का? ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये एक गोष्ट मांडली होती: पुष्कळसं बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच, 'मी आहे, तू आहेस, आपलं बरं चाललंय' एवढंच सांगायला असतं. त्याला तो फॅटिक कम्युनियन म्हणाला. आपलं 'काय, जेवलात का?' हे त्यातलंच. कुणी खरोखर भाजी कुठली होती ते सांगायला लागला तर आपण घाबरतो. इंग्रज या कामाला हवामान वापरतात. मुंबईत ती सोय नाही. वर्षातले आठ महिने 'गरम होतंय' ही बातमी नसते आणि उरलेले चार महिने 'गाडी लेट आहे' ही. राजकारण काढलं तर कुर्ल्याच्या आत भांडण. पगार विचारायचा नसतो, जात विचारायची नसते. फोन मात्र सगळ्यांकडे असतो, सगळ्यांना छळतो आणि कुणाच्या बाजूचा नसतो. म्हणून माझं मत असं, की तंत्रज्ञान हे आमच्या गाडीतलं हवामान आहे. बॅटरी, रिचार्ज, अपडेट झाल्यावर गायब झालेलं बटण, मुलाने सेटिंगमध्ये करून ठेवलेला घोळ. यांतून कुणी काही शिकत नाही, शिकायचं नसतंच.

आता कुणी म्हणेल, फोन काढून लोक एकमेकांशी बोलायचे थांबले त्याचं काय? थांबले खरे. पण त्यात फोनइतकाच आपल्या अंदाजाचाही दोष आहे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये शिकागोच्या प्रवाशांवर प्रयोग केला. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, गप्प बसा. काहींना, रोजच्यासारखा प्रवास करा. सगळ्यांत सुखाचा प्रवास बोलणाऱ्यांचा झाला. दुसऱ्या काही प्रवाशांना नुसता अंदाज करायला सांगितला तर त्यांनी नेमकं उलटं सांगितलं. पुढे २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांना आढळलं की गप्पा संपल्यावर, समोरच्याला आपण जितके आवडलो असू असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा आपण त्याला जास्त आवडलेले असतो. अर्थात लेडीज डब्यातल्या माझ्या एका सहकारिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शिकागोला चौथी सीट नसेल. आमच्याकडे अंदाज करायला वेळच नाही, मांडीवर पर्स ठेवली की ओळख झाली." आणि हेही खरं, की कोणत्या अनोळखी माणसाशी बोलणं सुरक्षित आहे हा हिशेब तिला रोज करावा लागतो, मला नाही.

हीच थट्टा अक्षरांत उतरवली की मात्र पंचाईत. डब्यातल्या नेहमीच्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्या संध्याकाळी डायबिटीसवाल्यांनी तिथे टाकलं, 'काकांच्या बॅटरीची पण वॉरंटी संपली.' भुवई नाही, आवाज नाही, काकांचा अंगठाही नाही. रात्री अकरापर्यंत ग्रुपवर शुकशुकाट. जस्टिन क्रुगर आणि एप्ली यांनी २००५ मध्ये याचा हिशेब मांडला होता. लोकांना काही वाक्यं उपरोधाने, काही गंभीरपणे कळवायला सांगितली. आवाजात सांगितलेल्यांपैकी ७३ टक्के ऐकणाऱ्यांना बरोबर ओळखता आली. ई-मेलमधली ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवून थोडं बरं. पाठवणाऱ्यांना मात्र दोन्हीकडे ७८ टक्के ओळखली जातील असं वाटत होतं. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर वाजत असतो आणि वाचणाऱ्याकडे तो पोचतच नाही. आमच्या डब्यातले भजनवाले पत्र्यावर ताल धरतात तेव्हा हेच होतं: त्यांच्या डोक्यात अभंग चालू, बाहेर नुसता ठोकाठोकीचा आवाज. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ न्यूटनने १९९० मध्ये अशी १२० गाणी बोटांनी टेबलावर वाजवून घेतली. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी ओळखली जातील. ओळखली गेली ३.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमनने १९ सप्टेंबर १९८२ रोजी विसर्गासारखी दोन टिंबं, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला, तो याच दुखण्यावरचा उपाय होता: हे गंमतीत आहे, असं सांगणारी खूण. बेटसनच्या माकडांचा इशारा, तीन टंकांत. काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पद्धतीने उत्तर दिलं. डायबिटीसवाले आले तेव्हा ते सरकलेच नाहीत. दिवा स्टेशनपासून मुलुंडपर्यंत त्यांना उभं ठेवलं, मग म्हणाले, "बसा. वॉरंटी संपलेल्याला वेळ लागतो सरकायला."

राहता राहिला निळ्या बॅगवाला. तो दरवाज्याशी उभा असतो, कुर्ल्याला उतरतो, कधीही बोललेला नाही. अशा माणसांना स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये 'ओळखीचे अनोळखी' असं नाव दिलं. त्याच्या विद्यार्थ्यांनी फलाटावरच्या गर्दीचे फोटो काढून प्रवाशांनाच दाखवले होते. चेहऱ्याने ओळखीची पण कधी न बोललेली माणसं निघाली दर प्रवाशामागे सरासरी चार, आणि बोलणं झालेली दीड. मिलग्रॅमचं एक निरीक्षण असं, की हे लोक नेहमीच्या जागी बोलत नाहीत, पण दूर कुठे गाठ पडली की लगेच बोलतात.

गेल्या मे महिन्यात गणपतीपुळ्याला देवळाबाहेरच्या रांगेत निळी बॅग दिसली. दोघांनी एकाच वेळी "अरे!" म्हटलं. बायकांच्या ओळखी झाल्या, त्याच्या मुलीने माझ्या मुलाला आवळा सुपारी दिली. अर्धा तास बोललो. सहा वर्षं एका डब्यात असल्याचं निघालं. निघताना तो जरा संकोचून म्हणाला, "चार्जर असेल का? माझा हॉटेलवर राहिला." मी दिला.

सोमवारी तो दरवाज्याशी होता. मान हलवली, मीही हलवली. कुर्ल्याला उतरला.