आरसा गेल्यानं नेमकं काय बदललं? डीएसएलआर आणि मिररलेस

हिवाळा लागला की ऐरोलीच्या खाडीकाठी आणि नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर सकाळी कॅमेरेवाल्यांची वर्दळ सुरू होते. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरलेले असतात आणि उन्हाळाभर त्यांचा मुक्काम असतो. काठावर नुसता कान दिला तरी दोन तऱ्हेचे कॅमेरे ओळखू येतात. एक दर फोटोला खटॅक करतो, दुसरा जेमतेम वाजतो किंवा वाजतच नाही. नवा कोणी आला की त्याचा प्रश्न ठरलेला: “काका, डीएसएलआर घेऊ का मिररलेस?” उत्तरंही ठरलेली. मिररलेसचे फोटो भारी येतात, मिररलेस हलका असतो, डीएसएलआर आता भंगारात. पहिलं उत्तर चूक आहे, दुसरं अर्धवट आहे आणि तिसऱ्यापायी लोक चांगले चालते कॅमेरे मातीमोल भावानं विकून टाकतात. ते बघून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हा विषय जरा नीट उलगडून सांगायचा आहे.

दोन्ही कॅमेऱ्यांची लेन्स बदलता येते. दोन्हींत सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणारी चकती, एकाच जातीचा असतो. फरक आहे तो लेन्स आणि सेन्सर यांच्यामधल्या जागेत. डीएसएलआरमध्ये तिथे ४५ अंशांत तिरका आरसा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्यावर आपटून वर जातो, काचेच्या पडद्यावर चित्र उमटतं आणि पेंटाप्रिझम नावाच्या काचेच्या ठोकळ्यातून फिरून, सुलट होऊन तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतं. मुख्य आरशाच्या मागे आणखी एक छोटा आरसा लपलेला असतो. थोडा प्रकाश त्याच्यावरून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या यंत्रणेकडे जातो. बटण दाबलं की दोन्ही आरसे मिटून वर जातात, व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) काळा पडतो, शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, उघडून मिटतं, आरसे परत खाली येतात. ऐरोलीला ऐकू येणारा खटॅक तो हाच.

मिररलेसमध्ये मधे काहीच नाही. प्रकाश सरळ सेन्सरवर पडत राहतो आणि सेन्सरला जे दिसतं तेच व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या स्क्रीनवर तुम्हाला दिसतं.

इथे एक शंका हमखास येते. डीएसएलआर लाइव्ह व्ह्यूवर टाकला तर तोही मिररलेसच झाला ना? दिसण्यापुरता, हो. आरसा वर जातो आणि मागच्या स्क्रीनवर सेन्सरचं चित्र येतं. पण आरसा वर गेला की तळाच्या फोकस यंत्रणेला प्रकाशच मिळत नाही, आणि जुन्या बॉडी (लेन्सशिवायचे नुसते कॅमेरे) लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकससाठी चाचपडत बसतात. आरसा इतकी वर्षं टिकला तो याच दोन कामांसाठी: डोळ्याला चित्र दाखवायचं आणि फोकसला प्रकाश पुरवायचा. पॅनासॉनिकनं २००८ मध्ये जी१ हा मिररलेस आणला तेव्हा पहिलं काम इलेक्ट्रॉनिक स्क्रीननं उचललं. दुसऱ्या कामाला आणखी काही वर्षं लागली. कॅननच्या ७०डी या डीएसएलआरमध्ये २०१३ साली सेन्सरवरचाच प्रत्येक पिक्सेल फोकस मोजायला शिकला, आणि लाइव्ह व्ह्यू एकदम चपळ झाला. खरं तर आरशाची गरज तिथेच संपत आली होती. त्याच वर्षी सोनीनं फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरचा, मिररलेस ए७ आणला. कॅनन आणि निकॉन यांनी आपापले फुल-फ्रेम मिररलेस २०१८ मध्ये काढले आणि २०२० नंतर वरच्या दर्जाचा नवा डीएसएलआर दोघांकडूनही आला नाही. आज डीएसएलआरचा झेंडा धरून आहे ती पेंटॅक्स.

फोटो तोच, फोकस वेगळा

आधी पहिल्या गैरसमजाचं बघू. निकॉनचा डी७५०० हा डीएसएलआर आणि झेड५० हा मिररलेस, दोन्ही २०.९ मेगापिक्सेलचे, सेन्सरचा आकार एकच. डी८५० आणि झेड७ दोन्ही ४५.७ मेगापिक्सेलचे. एकाच उजेडात, तोडीस तोड लेन्स लावून, नीट फोकस करून काढलेले फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशातून आला हे अनुभवी माणसालाही सांगता येणार नाही. रंग, बारकावे, अंधारातला दाणेदारपणा हे सगळं सेन्सर, लेन्स आणि उजेड ठरवतात. आरशाचा त्यात हात नाही.

मग लोकांना मिररलेसचे फोटो चांगले का वाटतात? कारण फोकस चुकलेले फोटो कमी निघतात, आणि हा फरक खरा आहे, मोठाही आहे. डीएसएलआर फोकस मोजतो एका जागी आणि चित्र घेतो दुसऱ्या जागी. दोन्ही अंतरं तंतोतंत जुळली पाहिजेत. आरशाचा कोन केसभर हलला किंवा लेन्स त्या बॉडीशी जुळली नाही, तर यंत्रणा म्हणते फोकस झाला आणि फोटोत तो पुढे किंवा मागे पडलेला असतो. हळदीच्या कार्यक्रमात ८५ एमएम लेन्स एफ १.८ वर, म्हणजे तिचं छिद्र पूर्ण मोठं ठेवून, दोन मीटरवरून नवरीचा चेहरा घ्या. फुल-फ्रेमवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा असतो. फोकस काही सेंटिमीटर मागे गेला की पापण्या मऊ आणि कानातली कुडी मात्र लखलखीत. वरच्या दर्जाच्या डीएसएलआरमध्ये दर लेन्ससाठी ही चूक मेन्यूतून दुरुस्त करता येते. स्वस्त बॉडींत बहुधा ती सोयच नसते आणि बिचारा नवशिका स्वतःचा हात हलतो असं समजून बसतो. मिररलेस जिथे चित्र घेतो तिथेच फोकस मोजतो, त्यामुळे हा झगडाच उरत नाही.

त्यावर भर म्हणून ओळख आली. सेन्सर सतत बघत असल्यानं कॅमेऱ्याला चेहरा, डोळा, प्राणी, पक्षी ओळखायला शिकवता आलं. कॅननचे २०२० मधले आर५ आणि आर६ पक्षी ओळखू लागले. कांदळवनाच्या फांद्यांच्या जाळीत बसलेला खंड्या हा पूर्वी डोकेदुखीचा विषय होता, फोकस हमखास पुढच्या काडीवर जाऊन अडकायचा. आता कॅमेरा त्याचा डोळा शोधून त्यावर चौकोन बांधून ठेवतो. तरी याचंही फार कौतुक नको. चिखलावर हजारो रोहित एकत्र चरत असतील तर तुम्हाला त्यातला नेमका कुठला हवा आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही, तो चौकोन तुम्हालाच हलवावा लागतो. आणि मे महिन्यात दुपारी पाण्यावरून गरम हवा थरथरत असेल, तर दूरच्या पक्ष्याचा फोटो कुठल्याही कॅमेऱ्यात लिबलिबीतच येणार. तिथे उपाय एकच, सकाळी लवकर जाणं.

व्ह्यूफाइंडरचा फरक रोजच्या वापरात पहिल्याच दिवशी जाणवतो. चमकत्या पाण्यापुढे उभा रोहित डीएसएलआरमधून अगदी सुरेख गुलाबी दिसतो, कारण तुम्ही काचेतून प्रत्यक्ष त्याच्याकडे बघत असता. फोटो मात्र काळपट निघतो, आणि ते कळतं फोटो काढल्यावर. मिररलेसमध्ये तो आधीच काळपट दिसतो, म्हणजे बटण दाबण्याआधीच डायल फिरवून उजेड वाढवता येतो. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला गुरू नाही. उलट बाजूनं, काचेच्या व्ह्यूफाइंडरला विलंब नसतो, तो संध्याकाळी दाणेदार होत नाही आणि कॅमेरा बंद असला तरी दिसतं. येऊरच्या जंगलात एका फांदीवर नजर लावून तासभर बसायचं असेल तर याची किंमत कळते.

कारण बॅटरी. कॅननचा ५डी मार्क ४ हा डीएसएलआर आणि ईओएस आर हा मिररलेस, दोघांनाही एलपी-ई६एन हीच बॅटरी लागते. ठरलेल्या चाचणीत पहिल्यावर सुमारे ९०० फोटो निघतात, दुसऱ्यावर सुमारे ३७०. प्रत्यक्षात दोन्हीकडे यापेक्षा बरेच जास्त निघतात, पण प्रमाण साधारण असंच राहतं. मिररलेस घेणाऱ्यानं दोन जादा बॅटऱ्यांचे पैसे सुरुवातीलाच धरावेत.

आवाज नसणं आणि पट्टे असणं

मिररलेस म्हणजे बिनआवाजाचा, हा आणखी एक घोळ. आरसा नाही, पण बहुतेक मिररलेसमध्ये शटरचे पडदे असतातच आणि ते वाजतात. पूर्ण शांतता मिळते ती इलेक्ट्रॉनिक शटर लावल्यावर, म्हणजे पडदा न हलवता नुसत्या सेन्सरवर फोटो घेतल्यावर, आणि तिथे एक सापळा आहे.

गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकाचे फोटो काढायचे असतील तर आवाज हा मोठाच प्रश्न. नटानं वाक्य तोडून थांबलेलं असतं, सभागृह श्वास रोखून बसलेलं असतं, आणि त्याच क्षणी आरशाचा खटॅक चौथ्या रांगेपर्यंत जातो. म्हणून मिररलेस आणायचा, इलेक्ट्रॉनिक शटर लावायचं, हे ठीकच. पण साधा सेन्सर पूर्ण चित्र एका झटक्यात वाचत नाही. वरून खाली ओळीमागून ओळ वाचत जातो आणि त्याला साधारण सेकंदाचा पंधरावा ते साठावा भाग लागतो. रंगमंचावरचे एलईडी दिवे तेवढ्या वेळात अनेकदा लुकलुकतात. वरच्या ओळी वाचताना दिवा उजळ, खालच्या वाचताना मंद, की नटाच्या चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे. ते नंतर संगणकावर धड निघतही नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर बहुधा सुटका होते. डिमरवर चालणाऱ्या एलईडींची लय मात्र वेगळीच असते, तिथे ही युक्ती फसते. रंगीत तालमीला जाऊन चार फोटो काढून बघणं हाच भरवशाचा मार्ग. याच ओळीओळीच्या वाचनामुळे झेपावणाऱ्या पक्ष्याचे पंखही वाकडे येतात.

झपाट्यानं वाचणाऱ्या महाग सेन्सरांनी हा प्रश्न जवळजवळ मिटवला आहे. निकॉनच्या २०२१ मधल्या झेड९ मध्ये तर पडद्याचं शटरच ठेवलेलं नाही. पण तो खर्च सगळ्यांना पेलणारा नाही. मधल्या किमतीच्या मिररलेसमध्ये एलईडीखाली पडद्याचं शटरच वापरा. आरसा नसल्यानं त्याचा आवाज डीएसएलआरपेक्षा तसाही कमी असतो.

वजनाचं थोडक्यात. डी८५० बॅटरी आणि कार्डासकट १००५ ग्रॅम, झेड७ ६७५ ग्रॅम. पण पक्ष्यांसाठी लागते ती लांब लेन्स. निकॉनची जुनी २००-५०० एमएम लेन्स २३०० ग्रॅमची, मिररलेससाठीची १८०-६०० एमएम ट्रायपॉडच्या कड्यासह २१४० ग्रॅमची. खांदा दोन्हीकडे दुखणार. हलकेपणा हवा असेल तर तो छोट्या लेन्सा आणि छोट्या सेन्सरच्या बॉडी घेऊन मिळतो, आणि प्रवासाला किंवा घरच्या फोटोंना तेवढं पुरतंही.

जुन्या लेन्सांचं काय?

आरशाला वर-खाली व्हायला जागा लागायची, म्हणून निकॉनच्या डीएसएलआरमध्ये लेन्स सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर दूर बसते. त्यांच्या मिररलेसच्या झेड माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायचं कडं) ते अंतर १६ मिलिमीटर. कॅननचं ४४ वरून २० झालं. मधली मोकळी जागा भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे ॲडॅप्टर, त्यात काच नसते. त्यामुळे जुनी डीएसएलआरची लेन्स नव्या बॉडीवर गुण न गमावता चालते. उलटं मात्र होत नाही. मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर लागतच नाही.

कॅननवाल्यांचं ॲडॅप्टरवर सुखानं चालतं. निकॉनवाल्यांनी आपली लेन्स तपासावी. ५० एमएम १.८ डी सारख्या ज्या लेन्सांत स्वतःची मोटर नाही, त्या निकॉनच्या एफटीझेड ॲडॅप्टरवर आपोआप फोकस करत नाहीत, कडं हातानं फिरवावं लागतं. आणखी एक खड्डा: कॅननचा एम५० जुन्या बाजारात खूप दिसतो. तो मिररलेसच आहे, पण त्याचा ईएफ-एम माउंट वेगळा आणि आता बंद झालेला. कॅननच्या आजच्या आर या मिररलेस मालिकेच्या लेन्सा त्यावर बसत नाहीत, त्याच्या लेन्सा आर बॉडीवर बसत नाहीत.

माझं मत सरळ आहे. पहिल्यांदाच कॅमेरा घेत असाल, व्हिडिओ करणार असाल, लग्नाची कामं घेणार असाल, तर मिररलेसच घ्या, कारण नव्या लेन्सा तिथेच येणार आहेत. घरात डीएसएलआर आणि दोन-तीन चांगल्या लेन्सा आहेत आणि फोटो मनासारखे येताहेत, तर बॉडी विकू नका. त्या पैशात भागत नाही, आणि वरून जी भर घालाल तिच्यात एखादी चांगली लेन्स येते. आणि कॉलेजातल्या मुलाला हात बसवायला कमी पैशात काही हवं असेल तर जुना डीएसएलआर आजही उत्तम सौदा आहे.

जुना घ्यायला ठाण्याहून लोकल पकडून फोर्टात गेलात तर घाई करू नका. डीएसएलआरचा शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, विचारा. मिररलेसचा काउंट कमी दिसला तरी इलेक्ट्रॉनिक शटरचे फोटो त्यात धरलेले असतीलच असं नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सना बुरशी लागते, तेव्हा मागून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का ते बघा. शेवटी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून, काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर ती धूळ, साफ होते. रंगीत, सरळ, आरपार गेलेली रेघ दिसली तर तो कॅमेरा परत ठेवा. लग्नातल्या किंवा मिरवणुकीतल्या डीजेचा लेसर सेन्सरवर पडला की अशी रेघ येते. मिररलेसचा सेन्सर चालू असताना कायम उघडा असल्यानं त्याला हा धोका जास्त, आणि अशा रेघेवर सेन्सर बदलण्यावाचून दुसरा इलाज नाही.