आधी निवड, मग पडताळणी: पेपर फुटतो तो इथेच

जून तोंडावर आला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: अमुक कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी एआय मॉडेल तयार केले आणि ते पावसाचा अंदाज पंच्याण्णव-सत्त्याण्णव टक्के अचूक देते. कधी पावसाऐवजी कांद्याचा भाव असतो, कधी एखादा आजार. मुलांच्या मेहनतीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण हा आकडा कोणत्या माहितीवर मोजला, ते बातमीत क्वचितच असते आणि खरी मेख तिथेच आहे.

मॉडेल ज्या उदाहरणांवर शिकले, त्याच उदाहरणांवर त्याची परीक्षा घेतली तर निव्वळ पाठांतरावरही पैकीच्या पैकी गुण मिळतात. म्हणून थोडी माहिती परीक्षेसाठी वेगळी ठेवायची. पण माहितीच थोडी असेल तर? मान्सूनच्या सव्वाशे वर्षांच्या नोंदी म्हणजे तक्त्यात जेमतेम सव्वाशे ओळी. त्यातल्या पंचवीस बाजूला काढल्या, तर त्या पंचवीस नेमक्या कोणत्या निघाल्या यावरच निकाल हेलकावे खातो. यावरचा तोडगा म्हणजे क्रॉस-व्हॅलिडेशन. माहितीचे पाच गट पाडायचे, एक वगळून उरलेल्या चारांवर मॉडेल शिकवायचे, वगळलेल्यावर तपासायचे, असे पाच वेळा करून सरासरी घ्यायची. प्रत्येक ओळ एकदा तरी परीक्षेला बसते. संख्याशास्त्रज्ञ मर्व्हिन स्टोन यांनी १९७४ मध्ये आणि सीमोर गाइसर यांनी १९७५ मध्ये या विचाराची नीट मांडणी केली. आज पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सायकिट-लर्न लायब्ररीत ते एका ओळीचे काम आहे.

त्या एका ओळीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये वापरलेला आयरिस फुलांचा तक्ता मशीन लर्निंग शिकणाऱ्या प्रत्येकाने हाताळलेला असतो. १५० फुले, तीन जाती, प्रत्येकी ५०. फाईलमध्ये आधी एका जातीची पन्नास, मग दुसरीची, मग तिसरीची. सायकिट-लर्नचे के-फोल्ड, म्हणजे गट पाडून देणारे साधन, आपण सांगितल्याशिवाय ओळी पिसत नाही. तीन गट पाडले तर एकेक जात अख्खी एकेका गटात जाते. म्हणजे परीक्षेत जी जात येते ती शिकवताना मॉडेलने पाहिलेलीच नसते, आणि अचूकता येते शून्य. ओळी पिसल्या किंवा स्ट्रॅटिफाइड के-फोल्ड वापरले की प्रत्येक गटात तिन्ही जाती सारख्या येतात आणि प्रश्न मिटतो. शून्य आले की काहीतरी चुकलेय हे निदान कळते तरी. चुकीमुळे आकडा वर जातो तेव्हा मात्र कोणाला संशयही येत नाही.

तसे कसे होते, ते जरा खोलात जाऊन पाहू. समजा ५० ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' आहे. सोबत ५००० रकाने आहेत, पण सगळे निव्वळ यादृच्छिक आकड्यांनी भरलेले. उत्तराशी एकाचाही काडीचा संबंध नाही. इथे कोणत्याही प्रामाणिक मॉडेलची अचूकता नाणेफेकीएवढी, म्हणजे ५० टक्केच असायला हवी. ५००० रकाने फार होतात म्हणून आपण उत्तराशी सर्वाधिक जुळणारे १०० निवडतो आणि मग क्रॉस-व्हॅलिडेशन करतो. कोडचा सांगाडा असा:

चांगले = निवड(सगळ्या ओळी, सगळी उत्तरे)
प्रत्येक गट वगळून:
    मॉडेल शिकव(उरलेल्या ओळी, चांगले)
    गुण मोज(वगळलेला गट, चांगले)

दिसायला निर्दोष. मॉडेल वगळलेल्या गटावर शिकत नाहीच. पण पहिली ओळ पुन्हा वाचा. 'चांगले' रकाने ठरवताना सगळ्या ५० ओळींची उत्तरे पाहिली गेली, वगळायच्या गटाचीसुद्धा. परीक्षेआधीच पेपर फुटला.

फुटला तो किती, याचा हिशेब कागदावर करता येतो. दोन असंबंधित रकान्यांचा ५० ओळींवर काढलेला सहसंबंध (ते एकमेकांशी किती जुळतात याचे उणे एक ते एक यांमधले माप) शून्याच्या आसपास विखुरतो. त्याचे प्रमाण विचलन (विखुरण्याचे माप) १ भागिले ४९ चे वर्गमूळ, म्हणजे साधारण ०.१४. पाच हजारांतले वरचे शंभर म्हणजे २ टक्के. इतके टोकाचे रकाने शून्यापासून सुमारे २.३३ प्रमाण विचलने दूर असतात. म्हणजे निवडलेल्या प्रत्येक रकान्याचा सहसंबंध, अधिक असो वा उणे, साधारण ०.३३ च्या पुढेच. तो संपूर्ण योगायोगाचा असला तरी या पन्नास ओळींपुरता खराच आहे, आणि परीक्षेचा गट याच पन्नासांतला. असे शंभर योगायोग एका दिशेने बोलू लागले की मॉडेल जिंकणारच. हेस्टी, टिबशिरानी आणि फ्रीडमन या संख्याशास्त्रज्ञांनी त्यांच्या पाठ्यपुस्तकात याच आकड्यांचा प्रयोग दिला आहे. चूक फक्त ३ टक्के निघते, प्रत्यक्षात ती ५० टक्के असताना! २००२ मध्ये अँब्रॉइझ आणि मॅक्लॅक्लन यांनी कर्करोगाच्या जनुकीय माहितीवरच्या कामांतही हाच दोष दाखवून दिला.

दुरुस्ती म्हणजे एक ओळ खाली सरकवायची:

प्रत्येक गट वगळून:
    चांगले = निवड(उरलेल्या ओळी, त्यांचीच उत्तरे)
    मॉडेल शिकव(उरलेल्या ओळी, चांगले)
    गुण मोज(वगळलेला गट, चांगले)

आता प्रत्येक फेरीत निवडलेले रकाने वेगळे येतील आणि अचूकता पन्नासाजवळ येऊन थांबेल. सायकिट-लर्नमध्ये हे हाताने लिहावे लागत नाही. निवड आणि मॉडेल एका पाइपलाइनमध्ये, म्हणजे क्रमाने चालणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीत, ओवायचे आणि ती पाइपलाइनच क्रॉस-व्हॅलिडेशनच्या हाती द्यायची. रिकाम्या जागी सरासरी भरणे, आकडे एका मापात आणणे, हेही त्याच पाइपलाइनमध्ये हवे. त्यांतून होणारी गळती सहसा किरकोळ असते, निवडीतून होणारी जीवघेणी.

पुण्याला हा विषय परका नाही. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात हवामान खाते याच प्रश्नाशी पिढ्यान् पिढ्या झुंजते आहे. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे महासंचालक असलेले गिल्बर्ट वॉकर जगभरच्या नोंदींतून मान्सूनशी जुळणारे घटक शोधत होते. खूप घटक तपासले की त्यांतला सर्वांत मोठा सहसंबंध योगायोगानेही मोठा दिसतो, म्हणून त्याला अधिक कडक कसोटी लावावी, हे त्यांनी १९१४ मध्येच लिहून ठेवले. तेव्हा संगणकाचा पत्ताही नव्हता! पुढे १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे १६ घटकांचे मॉडेल वापरात आले. २००२ मध्ये अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता, प्रत्यक्षात पाऊस १९ टक्के कमी पडला. काही घटकांचे मान्सूनशी असलेले नाते काळाच्या ओघात क्षीण झाले होते. खात्याने मॉडेल उघडपणे तपासले आणि २००३ मध्ये बदलले. मला हे फार मोलाचे वाटते.

पंचांगातल्या पावसाच्या वाहनांची अशी परीक्षा कोणी घेत नाही. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून बेडूक, म्हैस, हत्ती वगैरे ठरवायचे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, बारामतीला पाचशेच्या आसपास, आणि दोन्हीकडे वाहन एकच. बरोबर ठरलेली वर्षे लक्षात राहतात, चुकलेली विसरली जातात. ही उत्तरे पाहून केलेली निवडच आहे, आणि ज्या एआयच्या बातमीत परीक्षेची रीत दिलेली नसते तिला मी वेगळा न्याय लावणार नाही.

पावसाच्या माहितीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. आयरिसला ओळी पिसणे हे औषध होते, इथे तेच विष ठरते. १४ जुलैचे तापमान १३ आणि १५ जुलैसारखेच असते. ओळी पिसल्या की परीक्षेतल्या दिवसाचे दोन्ही शेजारी शिकवणीत जाऊन बसतात. तिथे टाइम-सिरीज-स्प्लिट वापरावे, म्हणजे शिकवणी नेहमी भूतकाळावर आणि परीक्षा पुढच्या काळावर. एकाच रुग्णाचे अनेक एक्स-रे असतील तर ग्रुप-के-फोल्डने तो रुग्ण अख्खाच्या अख्खा एका बाजूला ठेवावा.

आपल्या कोडमध्ये पेपर फुटतोय का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. उत्तरांचा रकाना तेवढा पिसून टाका, बाकी काही बदलू नका. मग पहिल्या ओळीपासून, रकान्यांच्या निवडीसकट, सगळा प्रोग्रॅम पुन्हा चालवा. असे पाच-पन्नास वेळा करा. उत्तरांत आता शिकण्यासारखे काही उरलेले नाही, त्यामुळे 'हो' आणि 'नाही' निम्मे-निम्मे असतील तर अचूकता पन्नासच्या आसपासच घुटमळायला हवी. ती वारंवार ऐंशीच्या घरात गेली, तर मॉडेलला हात लावू नका. क्रॉस-व्हॅलिडेशनच्या आधी लिहिलेल्या ओळी एकेक करून वाचा आणि त्यांतली कोणती ओळ उत्तरांचा रकाना वाचते ते शोधा.