ड्रेन प्लगला बसणारा पाना

मोटारीच्या इंजिनातील ऑइल घरी बदलायचे ठरवले, की सगळे काम एका बोल्टपाशी येऊन ठेपते. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे जे पसरट भांडे असते, ज्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात, त्याच्या बुडाला किंवा कडेला हा बोल्ट असतो आणि त्याला ड्रेन प्लग असे नाव आहे. तो काढला की जुने ऑइल बाहेर येते, परत बसवला की नवे ऑइल आत टिकते. यासाठी कोणता पाना घ्यावा हा प्रश्न किरकोळ वाटतो खरा, पण चुकीच्या पान्याने बोल्टचे कोपरे गोल झाले किंवा चेंबरचे आटे (बोल्ट ज्यांत फिरून बसतो त्या वळणदार खाचा) गेले, तर अर्ध्या तासाचे काम चेंबर उतरवण्यापर्यंत जाते.

बहुतेक ड्रेन प्लगचा माथा षटकोनी असतो आणि त्याचे माप समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतरावरून ठरते. 13, 14, 17 आणि 19 मिलिमीटर ही मापे नेहमी आढळतात. काही गाड्यांत माथ्याच्या आत षटकोनी, चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराचा खळगा असतो आणि तिथे बाहेरून धरणारा कोणताही पाना उपयोगाचा नसतो. म्हणून पहिले काम हत्यार निवडण्याचे नसून बोल्ट पाहण्याचे आहे. गाडीच्या पुस्तिकेत माप मिळाले तर उत्तमच. नाही तर माथा चिंधीने स्वच्छ पुसून कॅलिपरने (जबड्यांत धरून अंतर मोजणाऱ्या पट्टीने) मोजावा. चिखलाच्या थराखाली 14 चा बोल्ट 15 चा भासू शकतो.

मापाबाबत इतका काटेकोरपणा का, याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. 14 मिलिमीटर मापाच्या षटकोनाचे समोरासमोरचे कोपरे एकमेकांपासून सुमारे 16.2 मिलिमीटरवर असतात, म्हणजे मध्यबिंदूपासून कोपरा जेमतेम 8 मिलिमीटर दूर असतो. बोल्ट फिरवण्यासाठी 35 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागत असेल, तर एवढ्याशा अंतरावर कोपऱ्यांना मिळून सुमारे 4,400 न्यूटन बल द्यावे लागते आणि ते जवळजवळ 450 किलोग्रॅम वजनाइतके भरते. सहा बाजूंच्या सॉकेटमध्ये, म्हणजे बोल्टच्या माथ्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या पान्यात, हा भार सहा जागी वाटला जातो, म्हणजे प्रत्येक जागी 75 किलोग्रॅमच्या आसपास. उघड्या तोंडाचा फिक्स पाना मात्र बोल्टला दोनच जागी धरतो, त्यामुळे तिथे प्रत्येक कोपऱ्यावर सव्वादोनशे किलोग्रॅमइतका भार येतो. सरकत्या जबड्याच्या पान्यात याच्या जोडीला जबड्याची ढिलाईही असते. अशा पान्याने मी एकदा एका बोल्टचे सहाही कोपरे गुळगुळीत केले आहेत, तेव्हा या वाक्यामागे केवळ गणित नाही.

मापातला किंचित फरकही महाग पडतो. 14 मिलिमीटरच्या बोल्टला इंची मापाचा 9/16 चा सॉकेट वरवर छान बसतो, पण त्याचे माप 14.29 मिलिमीटर असते. या 0.29 मिलिमीटरच्या फटीमुळे सॉकेट आधी सुमारे दोन अंश रिकामा फिरतो आणि मग त्याची बाजू बोल्टच्या बाजूवर न टेकता नेमकी कोपऱ्याच्या धारेवर टेकते. बल तेवढेच राहते, मात्र ते पेलणारे क्षेत्रफळ रेषेएवढे अरुंद होते, त्यामुळे तिथला दाब धातूच्या सहनशक्तीपलीकडे जातो आणि कोपरा दबून गोलावतो. बारा कोनांचे सॉकेट किंवा रिंग पाने अडचणीच्या जागेत सोयीचे असतात, कारण ते दर 30 अंशांवर नव्याने बसवता येतात; पण तेही बोल्टला कोपऱ्याच्या अधिक जवळ पकडतात. ड्रेन प्लगसाठी सहा कोनांचा सॉकेट हीच माझ्या मते पहिली निवड असावी.

आता दांड्याच्या लांबीचा विचार करू. टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर, त्यामुळे 25 सेंटिमीटर लांबीच्या दांड्याने 35 न्यूटन-मीटर मिळवायला 140 न्यूटन, म्हणजे सुमारे 14 किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. दांडा 60 सेंटिमीटरचा घेतला तर सहा किलोग्रॅम पुरतात. घट्ट बसलेला बोल्ट सोडवताना ही लांबी वरदान ठरते, पण त्याच दांड्याने बोल्ट आवळताना हाताने सहज 20 किलोग्रॅमचा ओढा दिला, तर टॉर्क 118 न्यूटन-मीटरपर्यंत पोहोचतो. हाताला फारसे श्रम झाल्यासारखे वाटत नाहीत आणि तेवढ्यात अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे निघून येतात. गाडीखाली उताणे पडल्यावर दिशांचाही गोंधळ होतो. बोल्टच्या माथ्याकडे समोरून पाहून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की तो सुटतो, एवढे आधी मनाशी पक्के करावे.

आवळण्याच्या क्रियेत नेमके काय घडते, हा या विषयातील सर्वांत रंजक भाग आहे. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि एखाद्या कडक स्प्रिंगप्रमाणे मूळ लांबीला परतू पाहतो. हाच ताण माथा आणि चेंबर यांच्यामधील वॉशर, म्हणजे चपटी कडी, दाबून धरतो. रॉबर्ट हूक यांनी 1678 मध्ये ताण आणि लांबण यांचे प्रमाण मांडले, तोच नियम इथे लागू पडतो. 14 मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा प्लग 35 न्यूटन-मीटरवर आवळला, तर ढोबळ हिशेबाने त्यात 12,500 न्यूटन, म्हणजे सव्वा टन वजनाइतका ताण निर्माण होतो. विशेष म्हणजे आपण लावलेल्या टॉर्कपैकी या ताणासाठी केवळ दहा टक्क्यांच्या आसपास भाग वापरला जातो. उरलेला माथ्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. म्हणूनच आट्यांना हौसेने ग्रीस चोपडले तर घर्षण घटते आणि त्याच टॉर्कला ताण बराच वाढतो. उत्पादकाने दिलेला आकडा आट्यांच्या ठरावीक अवस्थेसाठी असतो, याचे भान सुटू नये.

ऑइलची गळती आटे थांबवतात असा समज आहे, पण ते काम मुख्यतः वॉशरचे आहे. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा मऊ वॉशर दाबाखाली कायमचा चपटा होतो आणि दोन्ही पृष्ठभागांवरील सूक्ष्म खाचा भरून काढतो. एकदा चपटा झालेला वॉशर दुसऱ्या वेळी तसा दबत नाही, आणि मग थेंब दिसला म्हणून माणूस बोल्ट आणखी आवळतो. बहुतेक गेलेल्या आट्यांची कथा इथूनच सुरू होत असावी. नवा वॉशर हाही खरे तर हत्यारांच्याच यादीत धरायला हवा.

ठरावीक टॉर्क मोजून देणारे हत्यार म्हणजे टॉर्क रेंच. त्याच्या दांड्यात एक स्प्रिंग असते आणि तिच्यावरील दाब आपण निवडलेल्या आकड्याप्रमाणे ठरतो; तेवढा टॉर्क झाला की आतील यंत्रणा सटकते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज ऐकल्यावर थांबायचे असते, कारण रेंच स्वतःहून काहीच रोखत नाही. चांगल्या रेंचची अचूकता साधारणपणे चार टक्क्यांच्या आत असते, पण सहसा तिची हमी रेंचच्या मापनकक्षेच्या वरच्या 80 टक्के भागापुरतीच दिलेली असते. चाकांच्या नटांसाठी घेतलेला 200 न्यूटन-मीटरचा रेंच 40 च्या खाली भरवशाचा राहत नाही, आणि अनेक ड्रेन प्लगना लागणारा टॉर्क 25 ते 45 न्यूटन-मीटर असतो. त्यामुळे मोठा रेंच सगळीकडे चालेल हा हिशेब इथे चुकतो. जाम झालेले बोल्ट सोडवायला हा रेंच वापरू नये आणि काम झाल्यावर तो सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा, म्हणजे स्प्रिंग दबलेल्या अवस्थेत पडून राहत नाही.

ऑइलबरोबर बदलायच्या ऑइल फिल्टरची गोष्ट याहून वेगळी आहे. डब्यासारखा फिरवून बसवायचा फिल्टर मुळात हातानेच आवळायचा असतो; रबराची कडी टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो, आणि नेमका आकडा बहुधा फिल्टरवरच छापलेला असतो. महिनोन्महिने उष्णता सोसून ते रबर धातूला चिकटते, म्हणून काढताना हत्याराची गरज पडते. इथे पट्ट्याचा पाना पाहण्यासारखा आहे. पट्टा गोल पृष्ठभागाला वेढला की घर्षणाची पकड वेढ्याच्या कोनाबरोबर चक्रवाढीने वाढते, घर्षणांक 0.3 असला तरी पाऊण वेढ्यात पट्ट्याच्या दोन टोकांच्या ताणात चौपट फरक पडू शकतो. दोराचे दोन-चार वेढे खुंटाला देऊन नाव थोपवणारा माणूस हेच तत्त्व वापरतो. फिल्टरच्या टोकाला खाचा असतील तर त्या खाचांच्या संख्येशी आणि व्यासाशी जुळणारा टोपीसारखा सॉकेट अधिक नीटस काम करतो. काही इंजिनांत डब्याऐवजी प्लास्टिकच्या झाकणाखाली कागदी फिल्टर असतो. त्या झाकणाला पट्टा किंवा साखळी न लावता त्याचाच सॉकेट वापरावा, कारण प्लास्टिक तडकते.

गाडी उचलायची असल्यास जॅक फक्त उचलण्यापुरता असतो. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडीचा भार द्रवाच्या दाबावर आणि एका रबरी सीलवर तोललेला असतो. सील फसले की गाडी खाली येते. म्हणून सपाट आणि कठीण जमिनीवर स्टँड (गाडीला खालून आधार देणारी घोडी) लावल्याशिवाय खाली शिरू नये. या बाबतीत तडजोडीला जागा नाही.

बोल्टला हात न लावता ऑइल काढण्याचाही एक मार्ग आहे. ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी ज्या नळीत असते, तिच्यातून बारीक नळी चेंबरच्या तळापर्यंत सोडून हातपंपाने ऑइल ओढून घेता येते. मात्र झ्याँ पोआझय या फ्रेंच वैद्याने 1840 च्या सुमारास दाखवल्याप्रमाणे बारीक नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. 8 मिलिमीटरच्या जागी 6 मिलिमीटर व्यासाची नळी घेतली, तर बाकी सर्व सारखे असताना प्रवाह मूळच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरतो. जोडीला ऑइलच्या दाटपणाचा प्रश्न असतो. 5डब्ल्यू-30 प्रकारचे (हा ऑइलच्या दाटपणाचा दर्जा आहे) ऑइल 100 अंश सेल्सिअसला जितके पातळ असते, त्याच्या पाच-सहा पट दाट ते 40 अंशांना असते. त्यामुळे इंजिन थोडे चालवून ऑइल कोमट केल्यावरच पंप लावावा, परंतु ते भाजण्याइतके गरम होऊ देऊ नये. नळी तळाच्या सर्वांत खोल जागी पोहोचली नाही, तर गाळासह थोडे ऑइल मागे राहते. आणि फिल्टर इंजिनाच्या खालच्या बाजूला असेल, तर पंप असूनही गाडीखाली जावेच लागते.