न बघता मोजणारं यंत्र

घरी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड किंवा धातू कापणारं यंत्र, बांधायचा म्हटलं की बहुतेकांना धास्ती वाटते ती कॉम्प्युटरची. कोड कोण लिहिणार, गणित जमेल का, बोर्ड जळला तर काय. खरं तर यंत्राचा तो भाग आज सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी त्रासाचा आहे. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलं की आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोल बोर्ड सहज मिळतो. त्यातल्या चिपची साठवण ३२ किलोबाइट आणि रॅम अवघी २ किलोबाइट. एवढ्याशा जागेत जीआरबीएल हा मोफत प्रोग्रॅम मावतो आणि तीन अक्ष एकाच वेळी बिनचूक चालवतो. मेहनत लागते ती दुसरीकडे, सांगाड्यात आणि वायरिंगमध्ये.

कारण या यंत्राला दिसत नाही. कटर या क्षणी नेमका कुठे आहे, हे घरगुती राउटरला कधीच कळत नाही. मोटरला किती पावलं टाकायचा हुकूम दिला, एवढंच तो मोजतो आणि ती सगळी पावलं पडली असं धरून पुढे जातो. वीज गेल्यावर चाळीचा जिना पायऱ्या मोजत उतरावा, तसं हे काम. मध्ये एक पायरी मोजायची राहिली, तर चूक कळते ती थेट खाली पोचल्यावर.

पहिली अशी यंत्रं आंधळी नव्हती. मिशिगनच्या जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक वक्र हवे होते. त्यांच्या कल्पनेवर काम करून एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने १९५२ मध्ये भोकं पाडलेल्या पट्टीवरून हुकूम घेणारं मिलिंग मशीन चालवून दाखवलं. त्यात टेबल प्रत्यक्ष कुठे पोचलं याची खबर नियंत्रकाकडे परत येत असे आणि फरक दिसला की तो दुरुस्त होत असे. कारखान्यातली सीएनसी आजही अशीच चालतात. घरगुती यंत्र स्वस्त पडतं ते बऱ्याच अंशी ही परतीची खबर काढून टाकल्यामुळे. म्हणून घरी यंत्र बांधणाऱ्याचं खरं काम एकच: मोजणी आणि वस्तुस्थिती यांच्यात कुठेही फट पडू द्यायची नाही.

स्टेपर मोटरपासून, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरपासून, सुरुवात करू. नेहमीच्या वापरातल्या हायब्रिड स्टेपरच्या रोटरवर ५० दात असतात. भोवतालच्या दोन वेटोळ्यांमधला प्रवाह चार टप्प्यांत उलटसुलट केला की रोटर एका दाताएवढा फिरतो. ५० गुणिले ४, म्हणजे एका फेरीत २०० पावलं, प्रत्येक पाऊल १.८ अंशाचं. मोटरला प्रवाह पुरवणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आणखी बारीक भाग करतो. आठ भाग केले तर एका फेरीला १,६०० पल्स (पल्स म्हणजे एका बारीक पावलाचा हुकूम) लागतात. मोटर एका फेरीत ५ मिलिमीटर पुढे नेणाऱ्या बॉलस्क्रूला (नटमध्ये गोळ्या फिरणाऱ्या स्क्रूला) जोडली, की दर मिलिमीटरला ३२० पल्स. एका पल्सला सरकणं सव्वातीन मायक्रॉनहूनही कमी.

आता समजा आपण 'जी१ एक्स५० वाय३० एफ६००' ही ओळ पाठवली. अर्थ असा: शून्यावरून निघून एक्स ५०, वाय ३० या बिंदूपर्यंत सरळ रेषेत जा, वेग मिनिटाला ६०० मिलिमीटर. यासाठी एक्सच्या मोटरला १६,००० पल्स द्यावे लागतात आणि वायच्या मोटरला ९,६००, तेही सहा सेकंदांच्या आत आणि एकमेकांत अशा विणीने की रेषा कुठेही वाकडी होऊ नये. हे जमतं जॅक ब्रेसनहॅम यांच्या रीतीमुळे. आयबीएममध्ये काम करताना १९६२ मध्ये त्यांनी ती प्लॉटरवर रेघा काढण्यासाठी शोधली. पूर्णांकांची बेरीज आणि तुलना, बस्स. भागाकार नाही, अपूर्णांक नाहीत. त्यामुळेच इतकी लहान चिप हे काम पेलते. साठ वर्षांपूर्वी कागदावर पेन फिरवणारं गणित आज अ‍ॅल्युमिनियम कापतं, आणि ते इतकं साधं आहे की वहीत मांडून शाळकरी मुलालाही समजावता येतं. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

पण तीन मायक्रॉन हा आकडा फसवा आहे. ती झाली मोजणीची बारकाई, अचूकपणा नव्हे. बाजारात सहसा मिळणारा सी७ दर्जाचा बॉलस्क्रू ३०० मिलिमीटरमागे ५० मायक्रॉन चुकला तरी तो नियमात बसतो. नटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर दिशा बदलताना मोटर फिरते, पल्स मोजले जातात, पण टेबल जागचं हलत नाही. साध्या लीडस्क्रूवर पितळी नट झिजला की हा प्ले वाढत जातो. बॉलस्क्रूचा खर्च पहिल्याच यंत्रात करावा असं मी म्हणतो ते यासाठी.

त्याहून मोठी फट वाकण्यातून पडते. दोन टोकांना टेकलेली तुळई मध्यावर जोर दिल्यावर किती वाकेल, हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असतं. लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट. उलट, जोराच्या दिशेतली तिची जाडी दुप्पट केली तर वाकणं एक अष्टमांश. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या तुलनेत तिप्पट वाकतं, आणि एमडीएफ तर अ‍ॅल्युमिनियमच्याही कितीतरी पट. कटर लाकडात घुसला की त्याला धरणारी आडवी तुळई, म्हणजे गॅन्ट्री, मागे ढकलली जाते, आणि नियंत्रकाला त्याचा पत्ताच नसतो. मुंबईच्या घरांत जागा नाही ही सगळ्यांची तक्रार, पण इथे ती फायद्याची ठरते. बाराशे मिलिमीटरची गॅन्ट्री मुळात मावतच नाही, म्हणून माणूस सहाशेची बांधतो आणि त्याच मापाच्या साहित्यातून आठपट ताठ यंत्र मिळवतो. रेल, बेअरिंग, बोल्ट, कपलिंग हे सगळं नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत होतं. सांगाडा आवळताना गुण्या लावाच, पण भरवसा कर्णांवर ठेवा: चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे आल्याशिवाय शेवटचा बोल्ट आवळू नये. शिवाय पावसाळ्यात पोलादी रेलवर दोन दिवसांत गंज धरतो आणि एमडीएफ फुगतं. रेलवर तेलाचा पातळ हात नेहमी असावा.

पावलं प्रत्यक्षात चुकतात ती वेगात. मोटरच्या वेटोळ्यांत प्रवाह चढायला वेळ लागतो. फेऱ्या वाढल्या की प्रवाह पुरता चढण्याआधीच उलटवावा लागतो आणि मोटरचा जोर घसरतो. म्हणून नेमा २३ मापाच्या मोटरला २४ ऐवजी ३६ किंवा ४८ व्होल्टचा पुरवठा दिला की वेगातही जोर टिकतो, अर्थात ड्रायव्हरला तो झेपत असेल तरच. अति बारीक पावलांचा हव्यासही नडतो. मिनिटाला ३,००० मिलिमीटर वेगाला वरच्या हिशेबाने सेकंदाला १६,००० पल्स लागतात. आठऐवजी सोळा भाग केले की ३२,०००, आणि उनोवरच्या जीआरबीएलची मर्यादा सुमारे ३०,००० आहे.

आता वायरिंग. घरगुती यंत्रं बहुतेक इथेच रडतात.

स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, चालवणारा व्हीएफडी हा ड्राइव्ह घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ विजेपासून तीन फेजची ४०० हर्ट्झपर्यंतची वीज बनवतो. त्यावर दोन पोलची मोटर मिनिटाला २४,००० फेऱ्या घेते. ही वीज तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून घडवतो. त्या प्रत्येक झटक्याचा पडसाद शेजारच्या वायरींत उमटतो. अक्षाच्या टोकाला बसवलेल्या लिमिट स्विचची वायर दीड-दोन मीटर लांब, आणि स्विच उघडा असताना पिन वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा, आर्डुइनोच्या आतला पुल-अप रोध २० ते ५० किलोओहम, म्हणजे फारच दुबळा. ती वायर अँटेनासारखी वागते. स्विचला कोणी शिवलेलं नसताना यंत्र मध्येच थबकतं आणि मालक प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. पल्सच्या वायरीत असा झटका शिरला तर मोजणीत नसलेलं एक पाऊल जास्त पडतं, तेही गुपचूप.

उपाय माहितीतले आहेत, पण आळस न करता सगळे करावे लागतात. स्पिंडलची केबल शील्ड, म्हणजे तारांवर धातूचं वेष्टण, असलेलीच घ्यावी. सिग्नलच्या वायरी तिच्यापासून लांबून न्याव्यात; ओलांडणं टळत नसेल तर काटकोनात ओलांडाव्यात. सिग्नल केबलचं शील्ड फक्त कंट्रोल बॉक्सच्या टोकाला अर्थ करावं. लिमिट स्विच २४ व्होल्टवर चालवून ऑप्टोकपलरमार्गे, म्हणजे सिग्नल प्रकाशातून पुढे नेणाऱ्या भागामार्गे, बोर्डाला जोडावेत. आणि स्विच नेहमी बंद असणाऱ्या संपर्कावरच जोडावेत, म्हणजे वायर तुटली तर यंत्र लगेच थांबतं. उलट जोडणीत तुटलेली वायर आणि न दाबलेला स्विच सारखेच दिसतात.

इमर्जन्सीचं लाल बटण बोर्डाच्या पिनवर सोडू नका. ते थेट कॉन्टॅक्टरची, म्हणजे पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल तोडणारं हवं, कारण ज्या क्षणी ते लागतं त्या क्षणी प्रोग्रॅमवर विसंबता येत नाही. पुरवठा तुटल्यावरही स्पिंडल काही वेळ स्वतःच्या वेगाने फिरत राहतो, तेव्हा हात लगेच आत घालू नये. बटण दाबल्यानंतर मोजणीवर विश्वास संपला. यंत्र पुन्हा होमला, म्हणजे लिमिट स्विचवरच्या मूळ जागेला, नेऊन शून्य नव्याने ठरवायचं. ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर उपटली तर ड्रायव्हर जळू शकतो. व्हीएफडीमधले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेले असतात. माहितीपत्रकात दिलेला वेळ थांबा, मल्टीमीटरने तपासा, मगच हात लावा.

अर्थिंगबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण मागे अर्थची वायर असेलच असं नाही. धातूचा सांगाडा, २३० व्होल्ट आणि दमट हवा एकत्र आली की ही जिवाची गोष्ट होते. परवानाधारक वायरमनकडून अर्थ तपासून घ्या. व्हीएफडीच्या गळतीमुळे आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारी कळ, पडत असेल तर ती काढून टाकू नका, त्याच वायरमनकडून योग्य प्रकारची बसवून घ्या.

सगळं जुळलं की डायल गेज, म्हणजे बारीक सरकणं दाखवणारं काट्याचं मापक, लावून यंत्राची परीक्षा घ्यावी. एक अक्ष १०० मिलिमीटर पुढे न्या, मागे आणा, आणि किती फरक पडतो ते पाहा. चूक अंतरासोबत प्रमाणात वाढत असेल तर दर मिलिमीटरच्या पल्सचा आकडा किंवा स्क्रूचा दर्जा तपासा. एकाच दिशेने गेल्यावर बरोबर आणि परतताना ठरावीक चूक असेल तर नट किंवा कपलिंगमध्ये प्ले आहे. हळू चालवल्यावर बरोबर आणि वेगात चुकत असेल तर मोटरचा जोर कमी पडतोय: प्रवेग कमी करा किंवा व्होल्टेज बघा. स्पिंडल बंद असताना सगळं ठीक आणि चालू केल्यावर बिघडत असेल तर शील्ड आणि अर्थ. शेवटचा प्रकार फार चकवतो: दिशा जितक्या वेळा बदलेल तितकं शून्य थोडं थोडं एकाच बाजूला सरकत जातं. तिथे बहुधा पल्सची चुकीची कड (चढती की उतरती) निवडलेली असते. दिशेचा सिग्नल ड्रायव्हरपर्यंत पुरता पोचण्याआधीच पाऊल पडतं आणि दर वळणाला एक पाऊल उलट्या बाजूला जातं. जीआरबीएलमध्ये स्टेप सिग्नल उलटा करण्याची सेटिंग आहे. ती बदला, दिशा शंभरेक वेळा बदलणारा छोटा प्रोग्रॅम चालवा आणि डायल गेजचा काटा पुन्हा शून्यावर येतो का ते बघा.